मदत हवी आहे: ग्वाल्हेरहून पुण्याला काचेच्या जुन्या निगेटिव्ह सुखरूप कशा न्यायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्या आजोबांचा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दौलतगंजात फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन पन्नासेक वर्षं झाली, पण त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आत्यानं वाड्याच्या माळ्यावर सांभाळल्या. आता वाडा विकलाय, दिवाळीआधी रिकामा करून द्यायचाय आणि आत्या कायमची माझ्याकडे पुण्याला येतेय. काय काय न्यायचं विचारलं तर भांडीकुंडी नाही, तिनं आधी या प्लेटांचं नाव घेतलं. मोजल्या, २१२ निघाल्या. बहुतेक हाफ प्लेट, म्हणजे साधारण १२ बाय १६.५ सेंटिमीटर. काही त्याच्या दुप्पट.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना १८७१ सालची, आणि फिल्म रुळल्यावरही कितीतरी स्टुडिओ काचच वापरत राहिले. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. सगळं चित्र त्या मंद बाजूच्या जिलेटिनच्या पातळ थरात. म्हणजे काच शाबूत राहिली पण थर घासला गेला, तरी फोटो गेलाच.

आणि आमच्या प्लेटांवर त्या थरावर आजोबांचा हातही आहे. एक प्लेट खिडकीशी तिरकी धरली तर नवरीच्या गालांवर शिसपेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा चमकल्या. आत्या म्हणाली, "देवीचे व्रण होते गं तिच्या तोंडावर. आप्पा रात्री भिंग लावून एकेक व्रण भरत बसायचे." त्या रेघा ओल्या फडक्याच्या एका हातानं पुसल्या जातील. म्हणून मी काहीच पुसलेलं नाही.

आता दुखणं सांगते. प्लेटा पत्र्याच्या डब्यांत आडव्या, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्र घालून रचलेल्या होत्या. एका हाफ प्लेटचं वजन जेमतेम ७५ ग्रॅम, पण डब्यात साठ असल्या की तळातलीवर साडेचार किलो बसतात. तळाच्या तीन तडकलेल्याच मिळाल्या. पावसाळ्यात ओल धरून काहींवर वर्तमानपत्र चिकटलंय, अक्षरं उलटी उमटलीत. आणि एक माझ्या हातून गेली. दहा-बारा एकदम उचलल्या, टक् असा आवाज आला, मधल्या एकीचे चार तुकडे. त्यात शाळेच्या पोरांची रांग होती. आत्या काही बोलली नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इथल्या एका काचवाल्यांना विचारलं तर ते एकच वाक्य बोलले, "काँच खड़ी चलती है, लेटी तो गई." यापुढचं मला तुमच्याकडून हवंय. कशात गुंडाळू? बबल रॅप चालेल का? गाडी करून आग्रा-मुंबई रस्त्यानं जावं की गोवा एक्स्प्रेसनं? आणि पाच प्लेटा एकमेकींना चिकटल्यात, त्या सोडवायच्या कशा? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. महिनाभर हाताशी आहे.

प्रतिसाद:
ताई, माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, रोज काच हलवतो. तुमचे काचवाले बरोबर बोलले. काच आडवी ठेवली की मधे वाकते, धक्का बसला की तिथंच तडकते. उभी काच आपलं वजन कडेवर घेते. गाडीत ठेवताना आणखी एक बघा: काचेची कड प्रवासाच्या दिशेला हवी, सपाट बाजू नको. ब्रेक लागला की एक काच दुसरीवर आदळत नाही. खोक्यात खडखड वाजायला नको, पण दाबून ठोसूही नका. दोन्हींत नुकसान आहे.

प्रतिसाद:
मी काही वर्षं एका संग्रहालयात जुने फोटो सांभाळायचं काम केलंय, त्यावरून लिहितोय. बबल रॅप थेट प्लेटला लावू नका. ओलीत जिलेटिन मऊ होतं आणि फुग्यांच्या गोल खुणा थरावर उठतात. बटर पेपरचंही तेच, चिकटतो. ॲसिडफ्री, म्हणजे आम्ल नसलेला कागद घ्या आणि प्रत्येक प्लेटसाठी चार पाखांची घडी करा: प्लेट मधे ठेवायची, चारही पाखं वर मिटायची. पाकिटात प्लेट सरकवावी लागते आणि सरकवताना थर घासतो, घडीत तसं होत नाही. नाव-नंबर घडीवर शिसपेन्सिलीनं लिहा, आणि तेही प्लेट आत ठेवण्याआधी.

मग लांब कडेवर उभ्या करा. पाच-सहा प्लेटांमागे एक जाड पुठ्ठा. एका खोक्यात पंचवीसच्या वर नको, उचलणाऱ्याचा हात जड झाला की खोकं आपटतं. ते खोकं मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी दोन इंच फोम. फुटलेल्या मात्र आडव्या, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, तुकडे एकमेकांना घासू न देता. सेलोटेप अजिबात नको.

शक्य असेल तर निघण्याआधी प्रत्येकीचा मोबाईलवर तरी फोटो काढा. मागे पांढरी स्क्रीन लावायची, काच तिला टेकवायची नाही.

चिकटलेल्या पाच सोडवायला जाऊ नका. सुरी, वाफ, पाणी, काही नाही. एक प्लेट समजून एकत्र बांधा. पुण्यात जाणकार माणसाला दाखवा. आणि माळा विसरा. उन्हाळ्यात तिथं भट्टी, पावसाळ्यात ओल. या प्लेटांना ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, साठच्या वर बुरशीला वाट मिळते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दुपारभर आत्यासोबत घड्या केल्या. तिचे हात थरथरतात, पण घडी माझ्याहून सरळ घालते.

आजोबांच्या डब्यात धुकं चढून वाया गेलेल्या, चित्र नसलेल्या बारा प्लेटा होत्या. आधी त्या बांधल्या, खोकं स्कूटरवर पायाशी ठेवून इथल्याच मोरार भागात जाऊन आले. एकही फुटली नाही, पण उघडल्यावर तळाला काचेची चिमूटभर भुकटी दिसली. खोकं एका बाजूला बोटभर मोकळं राहिलं होतं, तेवढ्यात त्या हलल्या. शिवाय कापलेल्या कडा कागदातून खाली पुठ्ठ्यावर घासत होत्या. आता तळाला फोमची पट्टी घातलीय आणि मोकळी जागा पुठ्ठ्यानं भरलीय. उद्या परत मोरार.

गोवा एक्स्प्रेसचंच तिकीट काढलं. रस्त्यानं गेलं तर वाटेतले खड्डे आणि ढाब्यावर उन्हात उभी गाडी, दोन्हींची धास्ती. नऊ खोकी होतील, दोघींच्या बर्थखाली बसतात का ते मोजायचंय. कुली केला तरी खोकी मी आणि चुलतभाऊच उचलणार.

एक विचारायचं राहिलं: पोचल्यावर लगेच उघडायची का?

प्रतिसाद:
नको. एक दिवस बंदच राहू द्या, खोलीच्या हवेशी जुळू द्या. थंड खोकं दमट खोलीत एकदम उघडलं तर काचेवर दव धरतं, आणि दव म्हणजे परत तेच चिकटणं.

धागाकर्ती:
बरं, तसंच करते. पाच चिकटलेल्या सगळ्यात शेवटी बांधल्या. त्यांच्या घडीवर आत्यानं स्वतः पेन्सिलीनं लिहिलं: "या पाच एकत्र आहेत. ओढू नये. आप्पांच्या."