सिनेमा बघून घरी आल्यावर काय झालं? (अनुभव धागा)

'सिनेमा : समाजाचा आरसा' हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत कधीतरी लिहिलाय. मी त्यात काय खरडलं होतं ते आता अजिबात आठवत नाही. एक ट्रॅक्टरची ट्रॉली मात्र लख्ख आठवते.

'माहेरची साडी' १९९१चा. आमच्या तालुक्याच्या गावी तो लागला तेव्हा मी दुसरीत होते. वस्तीवरच्या बायकांनी ट्रॉली ठरवली, खाली पाचट टाकलं, वर पोती अंथरली आणि दुपारच्या खेळाला निघाल्या. पुरुष एकच, ड्रायव्हर, तोही थिएटरबाहेर झाडाखाली झोपला. तोवर या बायका घोळक्याने बाहेर पडायच्या त्या लग्नाला, मयताला नाहीतर देवाला. पडद्यावर अलका कुबल सोसत होत्या, उषा नाडकर्णी छळत होत्या आणि सगळं थिएटर मुसमुसत होतं. सगळ्यांत जास्त कोण रडलं असेल? माझी आजी. लग्नानंतर तीन वर्षं जिने आईला पंचमीला माहेरी धाडलं नव्हतं, ती. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

घरी आल्या आल्या आजीने विचारलं, "म्हशी पाजल्या का?" दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. त्या वर्षीच्या पंचमीला मात्र आई आठ दिवस माहेरी गेली. सिनेमामुळे? मामा त्या वर्षी दोनदा न्यायला आला होता, त्यामुळेही असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून हा धागा.

विनंती एवढीच, की परीक्षण नको, स्टार नकोत, दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं ते नको. बघून आल्यावर तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात काय झालं ते लिहा. काहीच झालं नसेल तर तेही लिहा.

तंबूतला पोऱ्या

तुमची ट्रॉली आमच्या तंबूपर्यंतही आली असेल! वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगावच्या यात्रेत तंबू लागला की मी शाळा बुडवून त्यांच्याबरोबर. मशीन ट्रकमध्येच बसवलेलं, प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. कांड्या जळत जातील तशा सारत राहायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. आमच्या तंबूत बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, मधे कापड.

'माहेरची साडी' लावला तेव्हा पहिल्याच खेळाला बायांची बाजू भरून लोट बाहेर. मालकाने मधलं कापड थोडं सरकवलं. दुसऱ्या खेळाला आणखी सरकवलं. रात्रीच्या शेवटच्या खेळाला गड्यांना तंबूचा एक कोपरा उरला होता, त्यातही निम्मे जण बायकांना सोबत म्हणून आलेले. वडील म्हणायचे, असं त्यांनी आधी एकदाच बघितलं होतं, १९७५च्या 'जय संतोषी माँ'ला. तेव्हा लोक तंबूबाहेर चपला काढून आत यायचे आणि पडद्याकडे नाणी फेकायचे. खेळ संपल्यावर ती वेचणं हे माझ्या थोरल्या भावाचं काम.

यात्रा उठली की पुढच्या गावी कापड परत बरोबर मधोमध.

काकडआरती

आमच्या देवघरात तुकोबांची तसबीर आहे, पणजोबांनी आणलेली. हातात वीणा, नजर वर, चेहरा असा शांत की दिवसभराची चिडचिड तिथे उतरते. आजोबा रोज तिला गंध लावत. कॉलेजात असताना पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' बघितला. १९३६चा, दामले-फत्तेलालांचा. पहिल्याच अभंगाला मी खुर्चीत ताठ झाले. अहो, हे तर आमच्या देवघरातले! म्हणजे आम्ही चार पिढ्या विष्णुपंत पागनीसांना गंध लावत होतो.

घरी येऊन आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. तुझ्या पणजोबांनी सिनेमा बघूनच ती आणली." आणि गंध उगाळायला बसले.

निवृत्त_पण_थकलेली_नाही

१९८२. लग्नाला पाच वर्षं, मुलगी तीन वर्षांची. बँकेत बढतीचं पत्र आलं होतं, पण बदली दुसऱ्या जिल्ह्यात. नकार कळवायचा हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. त्या आठवड्यात ह्यांनीच 'उंबरठा'ची तिकिटं आणली. जब्बार पटेल म्हणजे काहीतरी चांगलं असणार, एवढंच ह्यांना माहीत. स्मिता पाटील महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते, परत येते तर घरात तिची जागा उरलेली नसते, आणि ती पुन्हा निघते. मध्यंतरात ह्यांनी वडा घेतला, तो हातात तसाच गार झाला.

येताना स्कूटरवर दोघंही गप्प. शेवटी सिग्नलला थांबल्यावर मागे न वळता हे म्हणाले, "पत्राचं उत्तर गेलं का?" मी म्हटलं, नाही. "मग राहू दे दोन दिवस."

गेले मी. तीन वर्षं, शनिवार-रविवार एसटीने ये-जा. मुलगी सासूबाईंनी सांभाळली, आणि त्याबद्दल त्यांनी मला पुरेसं ऐकवलंही. हे मात्र चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगत आलेत की आयुष्यात एकच सिनेमा चुकीचा निवडला. खरं सांगायचं तर मला त्यातला शेवट पटला नव्हता. पण परतीच्या रस्त्यावर तो एक सिग्नल लागला, हे खरं.

नाठाळ

सगळं गोड चाललंय, म्हणून मीठ टाकतो. सिनेमाने काही बदलत नाही. जे आधीच हललेलं असतं त्याचे फोटो सिनेमा काढतो. म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावण्यावर देवलांचं 'संगीत शारदा' आलं १८९९ला. बालविवाहाविरुद्धचा कायदा १९२९चा. (तो हरबिलास सारडांच्या नावाचा, पण आपल्याकडे लोक 'शारदा कायदा'च म्हणत, नाटकातली शारदाच डोक्यात.) आणि त्याच विषयावरचा प्रभातचा 'कुंकू' कधीचा? १९३७चा. वरात निघून गेल्यावर बँड वाजवायला आलेला.

दुसरं, 'सैराट'. शेवटी आई-बाप रक्तात पडलेले आणि पोराची पावलं. थिएटरात आम्हीही सुन्न बसलो होतो. त्याच उन्हाळ्यात आमच्या भावकीत चार लग्नं झाली. चारही जातीतली, पत्रिका बघून, एका ठिकाणी तर पोरीला न विचारता. आणि चारही वराती 'झिंगाट'वर. नवरीचा काका सगळ्यांत पुढे नाचत होता.

गाभुळलेली चिंच

@नाठाळ, तुमच्या काकांना ओळखते मी, फक्त आमच्याकडे त्यांना आबा म्हणतात.

'सैराट' आला एप्रिल २०१६ला. मी तेव्हा बारावी देऊन घरी बसलेली, सोलापूर जिल्ह्यात. शंभर कोटी कमावणारा पहिला मराठी सिनेमा, पेपरात रोज तेच. आमच्याकडे करमाळा जवळ, त्यामुळे 'आपल्याकडचा' म्हणून अख्खं गाव बघून आलं. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. मी ट्रॅक्टर त्याच्या दोन वर्षं आधीपासून चालवत होते, कारण दादा पुण्याला आणि वडिलांचा गुडघा दुखायचा. कुणाच्या लक्षातही नव्हतं. सिनेमा आला आणि मी रस्त्याने गेले की पारावरून "ए आर्चे!" सुरू. आधी जे काम होतं ते आता धाडस झालं.

आबांनी वडिलांना बजावलं, "पोरगी सैराट व्हायच्या आत उजवून टाका." तोवर आमच्याकडे हा शब्द रोजच्या बोलण्यात नव्हता. त्या उन्हाळ्यात प्रत्येक पोरीच्या घरी वापरला गेला. माझ्या मैत्रिणीचा मोबाईल याच शब्दावर काढून घेतला. म्हणजे बघा, पोरांना कुऱ्हाडीखाली घालणाऱ्या घरांवरचा सिनेमा, आणि त्याच घरांनी त्यातून पोरींसाठी एक शिवी उचलली.

वडिलांनी आबांना काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्याकडे टाकली आणि म्हणाले, "रोटर मारायचाय, पारावरनंच जा."

तर नाठाळराव, बदललं. पण सरळ रेषेत नाही.

खडू_फळा

हे लिहावं की नाही यात चार दिवस गेले.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववीला 'फँड्री' दाखवला, प्रोजेक्टर लावून, खिडक्यांना सतरंज्या टांगून. हेतू अर्थातच चांगला. सिनेमातल्या शाळेसारखे आमच्या शाळेच्या भिंतीवरही बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. त्यांच्यासमोरून मेलेलं डुक्कर वाहून नेतानाचा प्रसंग पोरांना भिडेल असं मनात होतं.

डुक्कर पकडायची पळापळ सुरू झाली आणि वर्ग हसायला लागला. पडद्यावर गाव हसतंय, इकडे वर्ग हसतोय, आवाज एकात एक. मग सिनेमातल्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि नायक जब्याच्या घरचे डुक्कर सोडून जागच्या जागी थांबतात. सवयीने माझा अर्धा वर्गही उभा राहिला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगाही राहिला. राष्ट्रगीत संपलं, सगळे बसले, हसू परत सुरू. तो बसलाच नाही. मी त्याला खूण केली, बस. त्याच्या घरी काय काम करतात हे वर्गाला माहीत होतं. मला नव्हतं.

शेवटचा दगड कॅमेऱ्यावर येतो तेव्हा कुणी हसलं नाही, हेही खरं. दोन मुली रडल्या. मला वाटलं, पोचलं.

तो तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी घरी गेलो. त्याची आई भांडी घासत होती, तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "सर, आधी पोरं त्याला नावानं हाक मारायची. आता तुमच्या पिच्चरच्या नावानं मारतात."

कैकाडी भाषेत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. हे मीच वर्गात, सिनेमा सुरू करायच्या आधी, फळ्यावर लिहून समजावलं होतं.

तो आला परत. वर्गाशी मी बोललो, हाक मारणं थांबलं, निदान माझ्यासमोर तरी. पुढच्या वर्षी सिनेमा दाखवला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दाखवला, पण आधी आठवडाभर नुसत्या गप्पा मारल्या आणि फळ्यावर काही लिहिलं नाही.

अटलांटिकपार

सर, लिहिलंत ते बरं केलंत. यापुढे माझा अनुभव अगदीच किरकोळ आहे. २०२३ला इथे न्यू जर्सीत 'बाईपण भारी देवा'ला आम्ही अकरा जणी नऊवारी नेसून गेलो, पार्किंगमध्ये फुगडी घातली. घरी नवऱ्याने खिचडी केली होती, करपलेली. पुढच्या महिन्यात 'अकरा जणींचं' पुन्हा ठरलं, सिनेमा नव्हताच, नुसतंच भेटायचं. अजून चालू आहे. खिचडी सुधारली आहे.

पावटा

धागाकर्ती, एक राहिलं. त्या दिवशी म्हशी पाजल्या होत्या का?

धागाकर्ती

@पावटा, तुमचा प्रश्न वाचून आत्ता आईला फोन केला. खूप हसली. म्हणाली, "कोण पाजतंय? आम्ही आलो तवा म्हशी दावणीला वरडत हुत्या आणि तुझं आजोबा कट्ट्यावर पान खात बसलेलं." मग? "मग तुझी आजी पायरीवर बसली ती उठंचना. डोळं सुजलेलं. आम्ही दोघी जावा घागरी घ्याय लागलो तर म्हणाली, बसा गं. आजोबांनी जरा वाट बघितली, मग स्वतःच बादल्या उचलल्या."

आणि स्वयंपाक?

"केलाच न्हाई. भडंग खाल्लं सगळ्यांनी."