भांगेच्या बिया की तेल? मासे न खाणाऱ्या घरासाठी विचारतोय

दापोलीकर
घरात मासे शिजत नाहीत. आईचं वय 68. प्रथिनं आणि ओमेगा-3 साठी तिला भांगेच्या बियांचं तेल सुरू करायचा विचार आहे. फोडणीला चालेल का? आणि नशा तर होणार नाही ना?

आहारमित्र
प्रथिनांसाठी तेल घेऊ नका, तेलात ती नसतातच. सोललेल्या बिया घ्या. 100 ग्रॅममध्ये सुमारे 31 ग्रॅम प्रथिनं, 49 ग्रॅम स्निग्धांश आणि 700 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. आईंना रोज दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम पुरे. त्यातून 6 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास 110 कॅलरी मिळतील. सुरुवात एका चमच्याने करा, एकदम एवढा स्निग्धांश गेला तर पोट ढिलं होतं.

या बियांत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी आणि तांदळातही कमी. त्यामुळे नुसत्या पेजेवर भुरभुरून ती उणीव भरत नाही. सोबत कुळथाची पिठी किंवा मुगाची आमटी हवीच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लाकडी घाणा
फोडणीला अजिबात नको. हे तेल साधारण 165 अंशांना धुरावतं आणि त्यातली नाजूक मेदाम्लं त्याआधीच बिघडू लागतात. भाकरीबरोबरच्या चटणीवर किंवा कोशिंबिरीवर कच्चंच घाला. आपल्याकडच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेली बाटली लवकर खवट होते. गडद काचेची लहान बाटली आणा, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर दोनेक महिन्यांत संपवा. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्या. बियाही फ्रिजमध्येच ठेवा आणि कोरड्या चमच्याने काढा. पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते.

दापोलीकर
मग ओमेगा-3 चं काय?

आहारमित्र
त्यासाठी जवस सरस, आणि स्वस्तही. भांगेच्या 20 ग्रॅम बियांतून जेवढं मिळतं, जवळपास तेवढं जवसाच्या एका मोठ्या चमचाभर कुटातून मिळतं. मंद भाजून कुटा, अख्खे दाणे न पचता बाहेर पडतात. लसूण-खोबऱ्याच्या चटणीत छान जातं. पण हे वनस्पतीतलं ओमेगा-3. बांगडा-तारलीतल्या प्रकारात शरीर त्याचं फार थोडं रूपांतर करतं. तोच प्रकार हवा असेल तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या गोळ्या मिळतात.

लाकडी घाणा
नशेचं राहिलं. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2021 मध्ये बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली. टीएचसीची, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा बियांत किलोमागे 5 मिलिग्रॅम आणि तेलात 10. एवढ्याने नशा होत नाही. मात्र ‘सीबीडी ऑइल’ (भांगेतल्या सीबीडी या दुसऱ्या घटकाचा अर्क) ही वेगळी वस्तू, ती स्वयंपाकाची नव्हे. लेबलवर ‘हेम्प सीड ऑइल’ आणि परवाना क्रमांक दोन्ही पाहूनच घ्या.