टॉय ड्रोन उठायच्या आधीच उलटतो, बॅटरीही लवकर उतरते

प्रश्न
छोटा टॉय ड्रोन आहे, ३.७ व्होल्ट ५०० एमएएचची बॅटरी. पुढचा डावा पंखा तुटला म्हणून सोबत आलेल्या सुट्या पंख्यांतला एक लावला. आता थ्रॉटल (वर उठवायची स्टिक) दिला की जमिनीवरच डाव्या कोपऱ्यावर कलतो आणि उलटा पडतो. उजवीकडचा ट्रिम (एका बाजूचा कल सुधारायचं रिमोटवरचं बटण) टोकापर्यंत दाबला, फरक शून्य. शिवाय आधी सहा-सात मिनिटं उडायचा, आता तिसऱ्या मिनिटालाच लाइट लुकलुकतात. मोटर गेली का?

प्रतिसाद १
मोटरवर खर्च करायच्या आधी पंखा बघा. पंख्यावर बारीक ए किंवा बी अक्षर असतं. कर्णात समोरासमोर असलेल्या दोन मोटरींना एकच अक्षर, शेजारच्यांना दुसरं. तुमचा नवा पंखा मागच्या उजव्या पंख्यासारखाच हवा. चुकीचं अक्षर लागलं की पंखा फिरतो झोकात, पण हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर फेकतो, आणि तोच कोपरा जमिनीला टेकतो. अक्षर पुसट असेल तर पातं आडवं धरून बघा: त्याची एक कड उंच, एक खाली असते. मोटर ज्या दिशेला फिरते त्या दिशेला उंच कड पुढे हवी.

अक्षर बरोबर निघालं तर बॅटरी काढून पुढचा डावा आणि मागचा उजवा पंखा एकमेकांच्या जागी लावा. कल मागे गेला तर पंखा खराब, डावीकडेच राहिला तर मोटर. मोटर असली तरी लगेच बदलू नका. पंख्याखाली दांड्याला केस किंवा सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढा. बोटाने फिरवल्यावर चारही सारख्याच हलक्या फिरायला हव्यात.

प्रतिसाद २
बॅटरीचं सांगतो. ५०० एमएएचला अर्धा अँपिअर पुरे, म्हणजे तास-सव्वा तास. सोबतचीच यूएसबी वायर वापरा आणि ती साध्या ५ व्होल्ट १ अँपिअरच्या चार्जरला लावा. लाल दिवा विझणं म्हणजे चार्ज पूर्ण की चार्ज सुरू, हे मॉडेलनुसार उलटसुलट असतं, त्यामुळे माहितीपत्रक एकदा वाचाच. पुष्कळ बॅटऱ्या अर्धवट चार्जवरच काढल्या जातात.

मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्जनंतर ४.२ व्होल्टच्या जवळ दिसायला हवं. उडवून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. लाइट लुकलुकले की उतरवा. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा पूर्वीसारखा चालत नाही. महिनाभर पडून राहणार असेल तर ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धी भरलेली ठेवा. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

प्रश्नकर्ता
पंखाच चुकीचा होता, बी लागला होता! आता सरळ उठतो, पण स्टिक सोडली तरी उजवीकडे सरकत जातो. बॅटरीही दिवा विझेपर्यंत ठेवली, सहा मिनिटं मिळाली.

प्रतिसाद १
ट्रिम टोकापर्यंत उजवीकडे दाबला होता ना, तोच तसाच राहिलाय. डावीकडचं ट्रिम बटण दाबत मध्यावर आणा. बऱ्याच रिमोटवर मध्याला वेगळा किंवा लांब बीप येतो. मग जायरो, म्हणजे तोल ओळखणारा सेन्सर, कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याला सपाट काय ते नव्याने शिकवा: ड्रोन सपाट टाइलवर ठेवा, रिमोटशी जोडा, मोटर बंद असताना दोन्ही स्टिक एकदम खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन-तीन सेकंद धरा. लाइट भराभर लुकलुकून स्थिर होईपर्यंत हात लावू नका. काही मॉडेलना स्टिकचा कोपरा वेगळा असतो. गादीवर किंवा तिरक्या टेबलावर केलं तर ड्रोन ती तिरकी जागाच सपाट मानतो आणि परत सरकतो.

चाचणीच्या वेळी छताचा पंखा बंद ठेवा. बाहेर उडवणार असाल तर वजन बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याला पायलटचा परवाना लागत नाही, पण विमानतळाजवळच्या लाल क्षेत्रात तोही परवानगीशिवाय उडवता येत नाही.