मदत हवी आहे: कोरियातल्या उत्सवात शाकाहारी आईला काय खायला घालू? (तातडीचं)

घाईगर्दी:
परवा सकाळी आईला घेऊन उत्सवाला निघतोय, दिवसभर तिथेच. आई शुद्ध शाकाहारी. स्टॉलवर काय मागायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढंच सांगा. "घरून डबा न्या" नको, हॉटेलात राहतोय.

खादाडभाऊ:
कोणता उत्सव? कोणतं गाव? आणि अंडं चालतं का?

बोर्डिंगपास:
के-ईटीएच्या (कोरियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी) भानगडीत पडू नका. भारतीयांना रीतसर व्हिसाच लागतो.

घाईगर्दी:
अहो, आम्ही सोलमध्येच बसलोय! उत्सव दानोचा, झोपाळे आणि कुस्त्या असतात तो. अंडं नाही.

सुवनवासी:
दानो सोलमध्येही साजरा होतो, म्हणून विचारतात लोक. तुम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग शहरातल्या दानोजेला, म्हणजे तिथल्या दानो उत्सवाला, निघालेले दिसता. युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलेला तोच. केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोनेक तास, मग नामदेछन नदीकाठी तंबूच तंबू.
आईंसाठी गामजाजन. बटाटा वाटून पाणी काढतात, तळाशी बसलेलं सत्त्व परत मिसळतात आणि तव्यावर भरपूर तेल सोडून भाजतात. आपलं थालीपीठच, फक्त चिवट. ओंगसिमीला फसू नका. गोळे बटाट्याचे, पण रस्सा बहुतेकदा सुक्या माशांचा. किमची नकोच.

खादाडभाऊ:
किमची का नको? कोबीच तर असतो.

सुवनवासी:
कोबी दिसतो, आतला खारवलेला जवळा दिसत नाही. माशाचं आंबवलेलं पाणीही असतं. बौद्ध मठातली किमची वेगळी, ती या तंबूत मिळायची नाही.

कोकणकन्या:
जवळा? पत्ता पाठवा, मी येते.
अवांतर: दानोला तिथल्या बायका छांगपोच्या पाण्याने केस धुतात. छांगपो म्हणजे आपलं वेखंड! बाळाला न्हाऊ घातल्यावर आजी लावायची तेच. चांद्र पाचव्या महिन्याची पंचमी, म्हणजे बहुतेकदा आपली ज्येष्ठ शुद्ध पंचमी. वेखंड मिळालं तर आणा.

खादाडभाऊ:
धागा खाण्याचा आहे, न्हाण्याचा नाही. घाईगर्दी, सरळ "गोगी प्पे जुसेयो" म्हणा, मांस काढून द्या.

सुवनवासी:
आणि मग मासे घालून देतील. गोगी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे डुक्कर-गाय येते. मासळीचं वेगळं सांगावं लागतं.
जेवायला गांगनुंगच्याच छोदांग भागात जा. तिथलं टोफू समुद्राच्या पाण्याने विरजतात. पांढरं, साधं मागा, लाल रश्शातलं नको.

घाईगर्दी:
उत्सवात सुरिछ्वीतोक नावाचं काहीतरी फुकट देतात म्हणे. चालेल?

सुवनवासी:
हो. तांदळाचं पीठ, सुरिछ्वीचा पाला, वरून तिळाचं तेल. बैलगाडीच्या चाकाचा छाप असतो. सोबत कपात पांढरट पाणी देतील, ते ताक समजून आईंना देऊ नका. ती देवाची दारू. महिनाभर आधी गाळायला घेतात, तांदूळ गावकरी देतात.

बोर्डिंगपास:
तोक, म्हणजे तांदळाचा केक, चिकट असतो. आईंचं वय काय?

घाईगर्दी:
एकाहत्तर. कवळी आहे. ते सांगायचं राहिलं.

कोकणकन्या:
हे आधी सांगायचं होतं!

घाईगर्दी (दोन दिवसांनी):
परतलो. बोर्डिंगपास, तुमचा इशारा आईला सांगितला होता, तरी दुसऱ्या घासाला कवळी तोकासकट बाहेर. समोरच्या आजी हसल्या, मग त्यांनीच पाणी आणून दिलं. गामजाजन तीन खाल्ले. सोबतचा सोया सॉस नको म्हणाली, पर्समधून लिंबाचं लोणचं काढलं. म्हणजे डबा होताच, मलाच माहीत नव्हतं. मुखवट्यांच्या नाटकात कुणी बोलतच नाही, त्यामुळे आईला सगळं कळलं आणि मला काहीच नाही. छोदांगला जाणं जमलं नाही. स्टॉलवर खायला ठेवलेल्या रेशमाच्या किड्यांच्या वासाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाहीत!

सुवनवासी:
तुम्ही खाण्याचं विचारलंत. वासाचं नाही.

कोकणकन्या:
वेखंड?