अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती 'लुचाई' लागली आहे. पूर्ण करू द्यावी का?

वेंगुर्ल्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे. मामाच्या माळ्यावरच्या पेटीत त्याला नारायण धारपांची भयकादंबरी 'लुचाई' सापडली आणि निम्मी वाचूनही झाली. दिवसा पुस्तक हातातून सुटत नाही, पण तिन्हीसांज झाली की पडवीत एकटा जात नाही. त्याच्या खिडकीला लागूनच माड आहे. झावळ गजांवर घासली तरी उठून बसतो. त्यात पावसाळा, लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही.

सासूबाई म्हणतात, असलं पुस्तक घरात नको. पण या मुलाने आजवर अभ्यासाबाहेरचं पान स्वतःहून उलटलेलं नाही. त्याची ही गोडी मोडायला माझं मन धजत नाही. काय करू? आणि यानंतर त्याला काय देता येईल?

रत्नागिरीकर
ताई, काढून घ्या. हे वय लहान आहे. दहावीनंतर खुशाल वाचू दे.

देवगडचा_वाचक
मी उलट सांगेन. अर्ध्यावर तर मुळीच काढून घेऊ नका. भयकथा मध्येच बंद केली की त्यातलं संकट मोकळंच राहतं. पुढचं सगळं पोर अंथरुणात पडल्या पडल्या स्वतः रचतं, आणि त्याने रचलेल्याला शेवट नसतो. धारपांच्या पुस्तकाला आहे.

फक्त वेळ बदला. दुपारची जेवणं झाल्यावर ओटीवर वाचायचं, दिवेलागणीनंतर नाही. तुम्हीही वाचा, म्हणजे तो नेमका कशाला घाबरलाय ते कळेल. "काही नसतं रे, झोप" म्हणून त्याची भीती जात नाही. उद्या सकाळी त्याच्यासोबत उभं राहून ती झावळ तोडून घ्या.

त्याला एक गोष्ट जरूर सांगा. 'लुचाई' ज्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली आहे, ती स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट', १९७५ सालची. त्यात एका मुलाच्या खिडकीशी रात्री त्याचाच मेलेला मित्र रक्तपिशाच्च होऊन येतो आणि आत घे म्हणतो. पोरगा बचावतो, कारण राक्षसांची खेळणी जमवून आणि तसल्या गोष्टी वाचून त्याला ठाऊक असतं की याला आत बोलवायचं नाही. खेळण्यातलाच प्लास्टिकचा क्रूस तो पुढे धरतो. गावातली शहाणीसुरती मोठी माणसं मात्र 'असं काही नसतं' म्हणत बळी पडतात. वाचणाऱ्या मुलाला याने फार बळ येतं.

धारपांची 'शपथ' मात्र आत्ता नको. ती किंगच्याच 'इट'वरून आहे आणि त्यात सावज लहान मुलंच आहेत. आणखी चार वर्षं थांबा.

त्याऐवजी 'ड्रॅक्युला' द्या. १८९७ ची, ब्रॅम स्टोकरची, मराठी अनुवाद मिळतात. सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रं आणि बातम्यांच्या कात्रणांतून उलगडते, त्यामुळे तुकड्यातुकड्याने वाचता येते. त्यातली जहाजाची नोंदवही किनाऱ्यावरच्या पोराला कळेल तशी दुसऱ्या कुणाला कळायची नाही. भर समुद्रात एकेक खलाशी नाहीसा होतो, आणि वादळात जहाज बंदराला लागतं तेव्हा कप्तानाचं प्रेत सुकाणूच्या चाकाला बांधलेलं असतं. ज्याने तांडेलाला सुकाणू धरून उभा राहिलेला बघितलाय, त्याच्या डोळ्यांसमोर ते आपोआप उभं राहतं.

मालवणची_काकू
गे बाय, घाबरा नको. आमी सगळी देवचाराच्या, म्हणजे भुताखेतांच्या, गजाली ऐकानच मोठी झालव.

तुमच्या सासूबाईंना भीती पुस्तकाची नाही, अवेळी भुताखेतांचं नाव घेण्याची आहे. तो मान त्यांना द्या. आणि मुलाला आरवलीला घेऊन जा, तुमच्याच तालुक्यात आहे. वेतोबा हा भुतांचा अधिपती, पण आपल्याकडे त्याला कुणी घाबरत नाही, गाऱ्हाणं घालतात. केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं मानतात. त्या वहाणा पोराला जवळून बघू द्या. रात्री बाहेर फिरणारा प्रत्येकजण वाईटच असतो असं नाही, हे त्याला तिथे समजेल.

ठाण्याहून_गुहागरकर
रत्नाकर मतकरी विसरू नका. त्यांच्या गूढकथा एका बैठकीत संपतात. सुरुवात त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यापासून करा. त्यातली चेटकीण आधी घाबरवते आणि मग पोट धरून हसवते. नाटकाचा प्रयोग जवळपास लागला तर तो आधी दाखवा.

वेंगुर्ल्याची_आई
सगळ्यांचे आभार. झावळ सकाळीच तोडून घेतली, त्याने खाली उभं राहून कुठली ते दाखवलं. काल विचारलं तेव्हा म्हणाला, "मला शेवट कळायलाच हवा." मग उरलेली पानं आम्ही दुपारी मिळून वाचणार आहोत. काकू, सोमवारी आरवली नक्की. 'ड्रॅक्युला'चा संक्षिप्त नाही, पूर्ण अनुवाद हवा आहे, सिंधुदुर्गात कुठल्या वाचनालयात असेल तर कळवा.