पोकर टूर्नामेंटच्या मुक्कामात राहणं-खाणं स्वस्तात कसं बसवायचं? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या दौऱ्याचं गणित जमत नाहीये. एन्ट्री फीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही. अडतंय ते मुक्कामावर. मोठ्या स्पर्धेत साधारण 10 ते 15 टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं, म्हणजे बहुतेक वेळा हा सगळा खर्च खिशातूनच जातो.

खरी अडचण अशी, की किती रात्री बुक करायच्या हेच आधी कळत नाही. पहिल्याच दिवशी बाहेर पडलो तर पुढच्या रात्री वाया, टिकलो तर आयत्या वेळी चढं भाडं. मागच्या वेळी पैसे परत न मिळणारं स्वस्त बुकिंग केलं आणि तीन रात्रींचं भाडं बुडालं. फार लागलं मनाला. रद्द करता येणारी खोली थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, असं आता वाटतंय.

जेवणाची सुट्टी सगळ्यांना एकदमच होते. अर्धा वेळ रांगेत जातो, मग हाताला लागेल ते महागडं घ्यावं लागतं. यंदा केळी आणि उकडलेली अंडी बॅगेत ठेवणार आहे.

तिघा-चौघांत स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय का कुणी? एकाचा खेळ मध्यरात्रीनंतर संपतो, दुसऱ्याचा सकाळी सुरू होतो, मग झोपेचं काय करता? अर्धवट झोपेत खेळणं मला तरी सगळ्यात महाग पडतं. आणि लांब राहिलं तर वाचलेलं भाडं रात्रीच्या टॅक्सीतच जातं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.