डूडल म्हणजे ड्रॉइंगच का?

रेघोटी: दोन वर्षं नेमाने स्केचिंग करतेय, समोर वस्तू ठेवून, पेन्सिलीने मापं घेऊन वगैरे. पण फोनवर बोलताना कागदाच्या कडेला जे गिरगटलं जातं ना, त्यातली रेघ माझ्या स्केचबुकातल्या रेघेपेक्षा जिवंत वाटते, आणि स्केचला बसले की तीच रेघ तुटक, केसाळ होते, दहादा खोडलेली. मग डूडलला ड्रॉइंग म्हणायचं की नुसता हाताचा चाळा? आणि ती रेघ स्केचमध्ये आणायची कशी?

शाईपेन: ड्रॉइंगमध्ये डोळा पुढे आणि हात मागे, डूडलमध्ये उलटं. म्हणून डूडलची रेघ घाबरत नाही, बरोबर यायचं ओझंच नसतं तिच्यावर. पण स्वतःची जुनी डूडल्स काढून बघ, तेच डोळे, त्याच वेली, तेच चौकोन सापडतील, हाताला सवयीच्या पलीकडे जाता येत नाही, त्यासाठी बघावंच लागतं. ब्लाइंड कॉन्टूर करून बघ, म्हणजे नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी हळू न्यायची, पेन उचलायचं नाही, कागदाकडे बघायचंच नाही. प्रमाण बिघडेल, बिघडू दे.

कोरा कागद: रवींद्रनाथांची हस्तलिखितं बघा! कवितेत खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत जायचे आणि त्यातून पक्षी, विचित्र प्राणी तयार व्हायचे, 1924 च्या सुमाराला 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात हे खूप दिसतं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, वय साठीच्या पुढे, आणि 1930 मध्ये थेट पॅरिसला प्रदर्शन. मला वाटतं खाडाखोडीत चोच दिसली आणि ती त्यांनी मुद्दाम पुरी केली, तिथे डूडलचं ड्रॉइंग झालं.

मार्जिन: मी थोडा वेगळा आहे या बाबतीत. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा 2009 चा प्रयोग आहे, 40 जणांना एक कंटाळवाणा फोन मेसेज ऐकवला, निम्म्यांना ऐकताना छापील आकार रंगवायला दिले, त्यांना नंतर 29 टक्के जास्त आठवलं. आता आकार रंगवणं म्हणजे मोकळं डूडल नव्हे हे खरं, पण डूडल करताना लक्ष कानाकडे असतं हे मला पटतं. त्याला चित्र बनवायला गेलात की ते अवघडणार, मी तरी त्याला हात लावत नाही.

रेघोटी: शाईपेन, आत्ताच डाव्या हाताचं ब्लाइंड कॉन्टूर केलं. अंगठा मनगटापासून सुटून भलतीकडेच गेलाय, पण करंगळीच्या सुरकुत्यांची रेघ एका दमात आलीये, फोनवरच्या वेलीसारखीच. उद्या परत करते, पेन्सिल नको, पेननेच.